रूथअक्काचा चिठ्ठ्यांचा डबा

रूथअक्का, तुझ्या शवपेटीला आतून लावलेलं पांढरं कापड मी शिवलं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. चर्चच्या पाळकबाई सकाळी सकाळी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "परशुराम, माप घ्यायला येता का?" मी म्हटलं, नको बाई, अंदाजानं करतो. वीस वर्षं तू माझ्या दुकानासमोरून ये-जा केलीस, पण एक ब्लाउज कधी माझ्याकडे टाकला नाहीस. "तुझ्याकडं शिवायला दिलं की माझं माप रामनगरभर होईल," असं तोंडावर म्हणायचीस. तेव्हा तुझं माप मला नजरेनंच ठाऊक. त्या नजरेनं कापलं, आणि कापड चार बोटं लांब निघालं. म्हणजे, अक्का, तू मला वाटायचीस त्यापेक्षा आखूड होतीस. जास्तीचं कापड दुमडून टाके घालताना मला हसू आलं. शेजारी भगिनी मंडळाच्या बायका डोळे पुसत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे जे काही बघितलं, ते बघायला तू हवी होतीस.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं छापलेल्या पत्रकात आलंय. त्यात दोन चुका आहेत. मी कुणाला बोललो नाही, कारण तूही बोलली नसतीस. मला तुझ्याकडून एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे आणि तू ऐन वेळी निघून गेलीस. डबा माझ्याकडे का दिलास?

साऱ्या गावात माझ्याकडे! मंडळीत इतके शहाणे, शांत, बाप्तिस्मा झालेले लोक असताना एका शिंप्याकडे, जो सकाळी घरच्या देव्हाऱ्यात दिवा लावून मग तुमच्या उपासनेला येतो. आमची ही तर ऐकून हातातली परात तशीच धरून उभी राहिली. "तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, आन तुमच्याकडं डबा? रूथअक्काला ताप चढला हुता काय?" म्हणाली. मी म्हटलं, हुता. ती म्हणाली, "मग बरोबर हाय."

हे वाचणाऱ्या परक्यांना डबा ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. तुला पाठ आहे, तू तेवढ्यात जांभई दे. आमच्या चर्चच्या फाटकाला पत्र्याचा एक हिरवा डबा टांगलेला असतो. वर फट, खाली कुलूप. बाजाराच्या दिवशी कुंभारवाडा, गुंद, अणशी, कुठकुठली माणसं रामनगरला येतात. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्यानं चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची. नाव घालायचं नाही. धर्म विचारायचा नाही. रविवारी भरल्या उपासनेत कुलूप उघडायचं, रूथअक्कानं एकेक चिठ्ठी वाचायची, आणि मंडळीनं त्या न दिसणाऱ्या माणसासाठी प्रार्थना करायची. मग चहा आणि चिरमुरे.

मी पहिल्यांदा आलो तो वेदीवरच्या कापडाचं माप घ्यायला. उपासना संपायची वाट बघत मागच्या बाकावर बसलो होतो. तू उठलीस, चष्मा लावलास आणि वाचलंस, "अणशीच्या रस्त्याला वाघ उभा होता. मला बघितला आणि गेला. आभार." खाली बसलेल्या एका काकांनी विचारलं, "आभार कुणाचे? देवाचे का वाघाचे?" पाळकबाई म्हणाल्या, "दोघांचे मानू या." आणि सगळ्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, परशा, हे ठिकाण सोडण्यासारखं नाही. त्या दिवशी माप घ्यायचं राहिलंच. पुढच्या रविवारी पुन्हा यावं लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी कारण लागलं नाही.

काय काय यायचं त्या डब्यात! मराठीत, कानडीत, कोकणीत. कुणी एक माणूस दर आठवड्याला कुंभारवाड्याची सांजची बस पुन्हा सुरू होऊ दे म्हणून लिहायचा. बस सुरू झाली, अकरा दिवस चालली, बंद पडली. पुढच्या रविवारी चिठ्ठी आली, "देवा, अर्धंच ऐकलास." ज्यांना लिहायला येत नाही ते वस्तू टाकायचे. फुटक्या बांगडीचा तुकडा. गाठ मारलेली दोरी. एकदा शर्टाचं बटण. तू ते बोटांत धरून म्हणालीस, "एका घरचं एक बटण आलंय. देवाला ठाऊक." आणि मी मागच्या बाकावर तळमळत होतो, कारण ते बटण मी लावलं होतं! निळं, चार भोकांचं, आणि माझ्या टाक्याचा दोरा अजून त्यात अडकलेला. चहाच्या वेळी तुझ्या कानाशी आलो, "अक्का, ते बटण गुंदच्या..." तू चिरमुऱ्यांची मूठ माझ्या तोंडात कोंबलीस.

आपलं भांडण तिथूनच सुरू. मी म्हणायचो, नाव कळलं तर माणसाला मदत करता येईल. तू म्हणायचीस, "मदत हवी असती तर तुझ्या दुकानात आला असता. हिकडं का आला?" मी म्हणायचो, बरं, निदान वाचताना जरा भावना घाल. तू चिठ्ठ्या वाचायचीस जसं बसचं वेळापत्रक वाचावं. गाय हरवली, पोरगी रुसली, छाती दुखते, सगळं एका सुरात. मी एकदा उभं राहून दाखवलंसुद्धा, हात पसरून, गळा दाटून, "हे देवा, माझी कपिला...!" पाळकबाई हसून हसून लाल झाल्या. तू म्हणालीस, "छान केलास. आता ज्याची गाय गेली त्याला कसं वाटलं ते सांग." मी टाळ्यांवर खूश होतो.

आता त्या सुगीच्या सणाकडे येतो. टाळायचं म्हणत होतो. पण तुझ्यापुढे टाळून काय फायदा?

सुगीच्या सणाला लोक भाताच्या लोंब्या, भोपळे, केळीचे घड, रानातले कंद आणून वेदीपुढे रचतात. उपासना, मग पंगत, आणि पंगतीनंतर दुपारी अंगणात नाटुकलं. लेखक मी, दिग्दर्शक मी, नायकही मीच. त्या वर्षी मला काही सुचत नव्हतं. आणि पावसाळ्यात तू एक चिठ्ठी वाचली होतीस: "बायको म्हशीशी बोलते. माझ्याशी बोलत न्हाई. काय तरी कर." ती माझ्या डोक्यात रुतून बसली होती. मी त्यावर नाटुकलं रचलं. नवरा गळ्यात म्हशीची घंटा बांधतो आणि गोठ्यात जाऊन उभा राहतो. बायको अंधारात येते, त्याच्या पाठीवरून हात फिरवते, दिवसभराचं सगळं सांगते, आणि तो आनंदानं हंबरतो. अक्का, मी असा हंबरलो की रस्त्यावरची खरी म्हैस थांबली. लोक पोट धरून हसले. पुढच्या रांगेत एकटी तू हसत नव्हतीस. आणि मागे फणसाखालून एक माणूस उठला. पांढरा शर्ट, काखेत छत्री. फाटकातून बाहेर गेला. मला वाटलं, बस चुकायला नको म्हणून निघाला. मी पुन्हा एकदा हंबरलो.

सोमवारी तू पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढलीस.

"परश्या, घंटा कुणाची हुती?"

"बाजारातनं आणली. छान वाजली न्हाई?"

"आन चिठ्ठी कुणाची हुती?"

"मला काय ठाऊक! नाव कुठं हुतं त्यावर?"

"नाव नव्हतं म्हणून तुझी झाली व्हय?"

मी कात्री खाली ठेवली. फणसाखालची पाठ मला तेव्हा दिसली, म्हणजे खरी दिसली. मी खुर्ची पुढे केली, तू बसली नाहीस. मी म्हटलं, "कोण हुता सांग. आजच्या आज जातो. पाय धरतो त्याचे."

"जाशील की. हात जोडशील, डोळ्यातनं पाणी काढशील. शेजारी बघतील, हा टेलर कशाला आला म्हणून. एकदा हसवलास. आता घर दाखवून देणार हायस."

"मग मी काय करू?"

"गप बस."

"किती दिवस?"

"बघू."

त्या "बघू"ला सहा वर्षं झाली, अक्का. मी दर दोन-चार महिन्यांनी विचारायचो आणि तू तेच उत्तर द्यायचीस. सणानंतर कितीतरी आठवडे डब्यात एखाददुसरीच चिठ्ठी यायची. तू कुणाला समजवायला गेली नाहीस, कुणाची माफी मागितली नाहीस. नुसता डबा दर आठवड्याला पुसून टांगायचीस, आणि रविवारी जे येईल ते त्याच सुरात वाचायचीस. हळूहळू माणसं परत आली. तो आला की नाही, मला कळलं नाही. तुला अक्षरं ओळखू यायची, मला फक्त टाके.

तुला पुरलं त्या दिवशी मी काय करत होतो सांगू? सगळे तुझ्याकडे बघत होते आणि मी माणसांच्या पाठी बघत होतो. इतकी माणसं आली होती, आणि त्यातली निम्मी पांढऱ्या शर्टात. मी एकेक पाठ तपासली. पाळकबाई "मातीला माती" म्हणत होत्या आणि तुझा परशा माती टाकायला पुढे होण्याऐवजी मागे सरकत होता, सगळ्या पाठी नीट दिसाव्यात म्हणून. एकही पटली नाही. किंवा सगळ्याच पटल्या.

मग पुढच्या रविवारी पाळकबाईंनी डबा आणि किल्ली माझ्या हातात दिली. "अक्कांनी सांगून ठेवलं होतं," म्हणाल्या. मंडळीकडे मी बघितलं नाही, पण बाक करकरलेले ऐकू आले.

पहिला बाजार झाला. रविवारी मी नवा शर्ट घालून, घसा साफ करून कुलूप उघडलं. डबा रिकामा. आत हात घालून कोपरेसुद्धा चाचपले. मी म्हटलं, "आज काही आलेलं नाही." कुणी तरी खोकलं. दुसरा बाजार झाला. रिकामा. चहाच्या वेळी जुनी मंडळी कोपऱ्यात बोलत होती आणि मी गेल्यावर गप्प झाली. आयुष्यभर मी गेलो की गप्पा सुरू व्हायच्या, अक्का. हे मला नवीन होतं.

पाळकबाईंनी मला बाजूला घेतलं. "परशुराम, अजून एक बाजार बघू. नाहीच आलं काही तर डबा काढून आतल्या कपाटात ठेवू. अक्कांची आठवण म्हणून राहील."

काचेच्या कपाटात! शेजारी जुनी दानपेटी आणि खाली चिकटवलेली नावाची चिठ्ठी.  गुंदच्या एखाद्या बाईला कुणाला सांगता येत नाही असं काही असेल, तर ती काय कपाटाची काच सरकवणार आहे? मी म्हटलं, "बाई, तुम्ही तिला विचारलं नाही का, माझ्याकडेच का म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

"म्हणाल्या, डब्यातलं बाहेर सांगितल्यावर काय होतं ते त्या एकट्यालाच ठाऊक हाय."

मी चहा न घेता घरी आलो. हे उत्तर मला पुरलं नाही, अजून पुरत नाही. ही शिक्षा होती की विश्वास? की तुझा शेवटचा खट्याळपणा? तू कधी खट्याळपणा केल्याचं आठवत नाही, आणि तिथंच मी फसलो होतो. ते कसं, ऐक.

दुकानात तू दिलेला शेवटचा पडदा तसाच पडून होता. चर्चच्या मागच्या खोलीचा. तुझी एक सवय मी कधी मनावर घेतली नव्हती. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजले की तू हाक मारायचीस, "परश्या, मागच्या खोलीत ये, पडदा उसवलाय. तिथंच बसून शिव, न्यायला नको." दर आठवड्याला! मी सुई-दोरा घेऊन जायचो, तिथे बसून शिवायचो, तू चहा पाठवायचीस, दुपार व्हायची. मी घरी म्हणायचोसुद्धा, या देवळाचे पडदे इतके उसवतात कसे, वारा काय फक्त तिथेच वाहतो? तर आजारी पडायच्या आधी, पहिल्यांदाच, तू एक पडदा दुकानात आणून टाकला होतास, "सवडीनं कर" म्हणून. तो मी आता हातात घेतला. उजेडात धरला.

फाटलेली शिवण आणि उसवलेली शिवण यातला फरक शिंप्याला सांगावा लागत नाही. फाटते तेव्हा कापड ओढलं जातं, दोरा कुठेही तुटतो. इथे कापडाला ओरखडा नव्हता. एक आड एक टाका ब्लेडनं कापलेला. सावकाश, सरळ रेषेत, तुझ्या त्या एका सुरात.

मी पायरीवर येऊन बसलो. समोर फाटक, फाटकावर डबा. माझ्या मशीनपासून पंधरा पावलं. मशीनवर बसलं की डोळ्यासमोर दुसरं काही येतच नाही. सहा वर्षं, दर बाजाराला, तू मला त्या जागेवरून उठवून नेत होतीस, आणि मी पडदे शिवत होतो! आणि आता तू नव्हतीस, तर दोन बाजार मी नव्या जबाबदारीनं, ताठ बसून, सकाळपासून डब्यावर नजर ठेवून होतो. गुंदची एक बाई फाटकाशी आली होती. हात पदराच्या गाठीकडे गेला, तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी आपुलकीनं हसलो. तिनं गाठ पुन्हा आवळली आणि गेली. मला वाटलं होतं, तिला चिल्लर सापडली नसेल.

तिसऱ्या बाजाराच्या सकाळी मी मशीन फिरवलं. तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याला. मागच्या खोलीत जाऊन बसता आलं असतं. पण मला वाटलं, माणसांना माझी पाठ दिसू दे.

अक्का, तो दिवस! मागे अख्खा बाजार वाहत होता आणि माझ्यापुढे चुन्याची भिंत आणि गेल्या वर्षाची दिनदर्शिका. बसचा ब्रेक वाजला, ही कुंभारवाड्याची का? कुणी तरी मोठ्यानं हसलं, का? भांडण लागलं, कुणाचं? ओळखीचे लोक येऊन विचारायला लागले.

"काय ओ मास्तर, रुसलासा काय?"

"न्हाई. काम हाय."

"काम भिंतीत हाय?"

"व्हय, भिंतीतच हाय."

"मान आखडली काय? तेल लावा की जरा."

आमची ही जेवणाचा डबा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. बाकी सगळ्यांना जे कळलं नाही ते तिला कळलं असावं, कारण एवढंच म्हणाली, "जेवताना तरी वळू नकासा." मी भिंतीकडे तोंड करून भात-आमटी खाल्ली. आणि खाता खाता एकेक उलगडलं. तू सहा वर्षं मला काही दिसूच न देता माझं तोंड कसं बंद ठेवलंस ते कळलं, आणि एकदाही मला लाजवलं नाहीस ते कळलं. "परश्या, तुझ्यामुळं माणसं घाबरतात" असं एक वाक्य तू बोलली असतीस तर मी पुन्हा चर्चची पायरी चढलो नसतो. त्याऐवजी तू चांगले पडदे कापत बसलीस. त्या नाटुकल्याबद्दल मी त्या माणसाची माफी मागायला धडपडत होतो. तुझी मागितलीच नाही. ते सुचलंच नाही. आता मागतो म्हटलं तर तू पुन्हा "बघू" म्हणशील.

दुपारी तीनच्या सुमारास पत्र्यावर काही वाजलं. अगदी हळू. माझा पाय मशीनच्या पट्टीवर थांबला. मान वळत होती, खरंच वळत होती. मी दिनदर्शिकेवरचे सगळे सण वाचले, मोठ्यानं.

काल रविवार होता. मी उभा राहिलो, कुलूप उघडलं. आत एकच. कागद होता की वस्तू, ते लिहीत नाही. मी हातात घेतलं आणि बघताक्षणी मला कळलं, कुणाचं. शंकेला जागाच नव्हती. अक्का, इतकी वर्षं मी अंदाज बांधत आलो, निम्मे चुकले, आणि त्या बटणानंतर पहिल्यांदा जे लख्ख कळलं ते हे. अख्खी मंडळी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तोच चेहरा, ज्यावर आजवर काही लपलं नाही. मी वेळापत्रक वाचावं तसं म्हटलं, "एका घरचं एक मागणं आलं आहे. देवाला ठाऊक." माझा आवाज मला ओळखू आला नाही. पाळकबाईंनी डोळे मिटले, मग सगळ्यांनी मिटले.

चहाच्या वेळी अर्धा डझन लोक माझ्याभोवती. चहा वाटणाऱ्या मंजुळाकाकू सगळ्यात पुढे. "मास्तर, हलक्यानं सांगा की, कुणाचं हुतं? काय मागितलंय?"

मी म्हटलं, "काकू, साखर कमी पडलीय."

 त्या गेल्या आणि साखर घेऊन आल्या.

डबा मी पुसून पुन्हा टांगला आहे. पुढच्या बाजारालाही पाठ रस्त्याला करून बसणार. आणि ज्याचं मागणं आलं, ते तुझ्याही ओळखीचं माणूस आहे, अक्का. नाव ऐकलंस तर उठून बसशील. पण तुलासुद्धा सांगणार नाही.